एक दात पुढे

शिलाई मशीन दुरुस्त करून करून मशीनवाल्यांच्या कानांना एक खोड लागली होती. जगात जे काही फिरतं, त्यात त्यांना टायमिंग ऐकू यायचं. पंखा लावला की त्याचं कुठलं पातं जड आहे ते सांगायचे. शेजाऱ्यांच्या वॉशिंग मशीनचा पट्टा सैल झालाय, हे शेजाऱ्यांच्या आधी त्यांना कळायचं. बायको म्हणायची, "अहो, माझं बोलणं तेवढं सोडून तुम्हाला सगळं ऐकू येतं." यावर मशीनवाले "काय म्हणालीस?" असं मुद्दाम विचारायचे.

घराची पुढची खोली म्हणजे त्यांचं दुकान. खिडकीला लागून लांब टेबल, त्यावर कायम सहा-सात मशीनं पोट उघडून पडलेली. खिडकीतून समोर पोर्च दिसायचा, पोर्चपुढे खडी टाकलेली वाट, आणि वाटेच्या टोकाला लोखंडी गेट. बायको नदीपलीकडच्या इस्पितळात रक्त तपासायची. सकाळी साडेआठला ती गाडी घेऊन निघे आणि संध्याकाळी पाचच्या पुढेमागे परते. गेटपाशी एक छोटा हॉर्न. मग मशीनवाले चपला अडकवून जायचे, कडी काढायचे. टायरखाली खडी वाजायची, हँडब्रेक दोनदा ओढला जायचा, कारण एकदा ओढून तिचं समाधान होत नसे, आणि दार बंद व्हायचं. मशीनवाले गेट लावेपर्यंत ती पुढे होऊन दाराची बेल वाजवायची. दार उघडंच असायचं, तरी वाजवायची. बावीस वर्षांची सवय. किल्ली तिने कधी जवळ बाळगलीच नाही. मशीनवाले घरात नाहीत असं व्हायचंच नाही, तर किल्ली हवी कशाला?

तर एके दिवशी गाडीच्या डॅशबोर्डवर पिवळा दिवा लागला आणि इंजिन अडखळायला लागलं. बायकोच्या धाकट्या भावाचं गॅरेज होतं. मेहुणा हातभर वायरीचं यंत्र घेऊन आला, ते गाडीला जोडलं आणि म्हणाला, "दाजी, वरच्या शाफ्टचं आणि खालच्या शाफ्टचं आपसात पटत नाहीये. तुमचं नि ताईचं जसं."

"म्हणजे टायमिंग."

"टायमिंग. खालचा शाफ्ट पिस्टन वर-खाली करतो, वरचा वॉल्व्ह उघडतो नि मिटतो. दोघांना एका दातेरी बेल्टने बांधलेलं असतं. बेल्ट ताणलाय. बदलायला हवा. पण माझ्याकडे आठवडाभर जागा नाही."

"जागा कशाला हवी? मी बदलतो. टायमिंग हा माझा धंदा आहे."

मेहुणा हसला. पण दाजींचे हात त्याने पाहिलेले होते. दुसऱ्या दिवशी नवा बेल्ट आणून दिला आणि जाताना गाडीच्या टपावर बोट आपटत सांगितलं, "एकच गोष्ट लक्षात ठेवा. खालचा शाफ्ट पान्याने फिरवाल तेव्हा पुढेच फिरवायचा. खूण हुकली तर दोन पूर्ण वेढे घ्या, पण उलटं फिरवायचं नाही."

रविवारी सकाळी मशीनवाल्यांनी काम काढलं. प्लग काढले, बाजूचं झाकण उतरवलं, जुना बेल्ट काढला. नव्या बेल्टवर पांढऱ्या रंगाने ठिपके दिले. वरच्या पुलीची खूण वरच्या रेघेला, खालच्या पुलीची खूण खालच्या रेघेला. बघायला गेलं तर शिलाई मशीनपेक्षा सोपं. मशीनमध्ये सुई तळाशी जाऊन जराशी वर यायला लागली की हुकाचं टोक नेमकं तिच्या पाठीशी यावं लागतं. ते जमवायला चाक थोडं पुढे, थोडं मागे, पुन्हा थोडं पुढे असं डुलवत बसायचं असतं. तीस वर्षं त्यांच्या मनगटाने तेच केलं होतं.

खालची खूण रेघेच्या जरा पुढे गेली आणि मनगटाने पाना मागे घेतला. कुणी सांगायच्या आत. आत कुठेतरी टच् असा बारीक आवाज झाला. मशीनवाल्यांनी जीभ चावली. वाकून बघितलं, तर दोन्ही खुणा दोन्ही रेघांना लागलेल्या दिसत होत्या. आता दोन वेढे पुढे फिरवून पुन्हा ताळा बघायला हवा होता. पण खुणा जुळलेल्या बघून त्यांना इतकं बरं वाटलं की त्यांनी झाकण लावूनच टाकलं. गाडी सुरू केली. अडखळणं थांबलं होतं. बायको पोर्चमध्ये येऊन म्हणाली, "वा! आता माझ्या भावाला उपाशी मारा."

सोमवारी पाचला पाच कमी असताना हॉर्न वाजला. मशीनवाले उठले, गेट उघडलं. रस्ता रिकामा होता. दुसऱ्या कुणाची तरी गाडी असेल म्हणून ते आत आले, हातातला बॉबिन केस पुसत बसले. बायको दहाएक मिनिटांनी आली.

मंगळवारी हॉर्न वाजला तेव्हा ते उठले नाहीत. त्यांनी नुसतं खिडकीतून बघितलं. गेटपाशी कुणी नव्हतं. मग त्यांना चपला ऐकू आल्या. पोर्चमधून कुणीतरी गेटकडे चाललं होतं, आणि त्याची डावी चप्पल उजवीपेक्षा जरा जास्त घासत होती. कडीचा आवाज आला. कडी जागची हलली नाही. खडी वाजली, खडी तशीच पडून होती. हँडब्रेक, एकदा आणि पुन्हा एकदा. दार. बेल.

मशीनवाल्यांनी आपल्या पायांकडे पाहिलं. पाय टेबलाखाली होते, चपला पायांत होत्या. डावीचा तळ झिजलेला होता. वर्षभर ते नव्या घेऊ घेऊ म्हणत होते.

घाबरायला हवं होतं, हे त्यांना नंतर सुचलं. त्या क्षणी त्यांनी घड्याळ बघून पेन्सिलीने टेबलावर वेळ लिहिली. खरी गाडी आली तेव्हा पुन्हा लिहिली. अकरा मिनिटं.

बुधवारी अकरा. गुरुवारी नदीच्या पुलावर गर्दी होती म्हणून बायको पाऊण तास उशिरा आली, तर आवाजही पाऊण तास उशिरा आला. मध्ये पुन्हा अकराच मिनिटं. शुक्रवारी त्यांनी फोनवर रेकॉर्डिंग लावून ठेवलं. नंतर ऐकलं तर त्यात त्यांचा स्वतःचा श्वास होता, भिंतीवरच्या घड्याळाची टिकटिक होती आणि एका टेलरबाईचं मशीन टेबलावर सरकवल्याचा आवाज होता. बाकी काही नाही. शनिवारी डॅशबोर्डवरचा पिवळा दिवा पुन्हा लागला.

रविवारी त्यांनी झाकण उघडलं. खालची खूण रेघेला होती. वरची मात्र एक दात पुढे निघून गेली होती. त्यांनी ती बरोबर केली, मुकाट्याने दोन वेढे पुढे फिरवून ताळा घेतला, दिवा विझला. सोमवारी हॉर्न वाजला तेव्हा गाडी खरोखर गेटात उभी होती.

झालं, इथे कुणीही शहाणा माणूस थांबला असता. पण मशीनवाल्यांना आठवडाभर चैन पडलं नाही. कारण मधल्या त्या आठवड्यात एक गंमत झाली होती. आवाज आला की ते चहा टाकायचे. बायको आत येऊन पर्स ठेवते न ठेवते तोच वाफाळता कप तिच्यापुढे यायचा. दिवसभर लोकांच्या दंडांत सुया टोचून आलेली ती बाई तो कप दोन्ही हातांत धरून डोळे मिटून बसायची. "खरं सांगा," ती म्हणाली होती, "सिग्नलवर कुणाला बसवलंय माझ्या मागावर?" मशीनवाले नुसते हसले होते. बावीस वर्षांत तिला हवी ती गोष्ट हवी त्या क्षणी देणं त्यांना एवढं कधी जमलं नव्हतं. आणि दुसरंही एक होतं. ती अजून नदीपलीकडे असताना ती सुखरूप पोचणार आहे हे त्यांना कळायचं. ती अकरा मिनिटं कसलाच घोर नसायचा.

पुढच्या रविवारी, साफसफाई करतो म्हणून, त्यांनी झाकण पुन्हा उघडलं. खूण रेघेच्या पुढे नेली आणि पाना मागे घेतला. टच्. आजवर एकाही मशीनचं टायमिंग त्यांनी जाणूनबुजून चुकवलं नव्हतं. हात धुताना त्यांना स्वतःची लाज वाटली. सोमवारी अकरा मिनिटं आधी हॉर्न वाजला आणि लाज गेली. दिवा लागला, तर "तो असाच लागतो, लक्ष देऊ नको" असं त्यांनी बायकोला सांगितलं.

बुधवारी सकाळी मेहुणा आला होता. बायकोने गाडी काढली आणि तो जागेवरच थबकला. गाडी गेटाबाहेर जाईपर्यंत ऐकत राहिला.

"दाजी, बेल्ट एक दात पुढे आहे."

"असेल. रविवारी बघतो."

"रविवारी कशाला? एक दात सुटलेला बेल्ट दुसरा कधी सोडेल सांगता येत नाही. दोन-तीन सुटले तर वॉल्व्ह पिस्टनवर आपटतील, इंजिन जागच्या जागी बंद. ताई रोज पुलावरून येते. मागे ट्रक असतात."

"म्हटलं ना, रविवारी."

"तुम्ही असे नव्हतात," मेहुणा म्हणाला, आणि गेला.

त्या संध्याकाळी आवाज आला, चहा झाला, बायको हसली. गुरुवारीही तसंच.

शुक्रवारी आवाज आला नाही.

पाच वाजले. सव्वापाच. मशीनवाल्यांनी पंखा बंद केला, घड्याळ भिंतीवरून काढून आतल्या खोलीत उशीखाली ठेवलं. साडेपाच. फोन लावला, तो नुसताच वाजत राहिला. पावणेसहाला ते गेट उघडून रस्त्यात जाऊन उभे राहिले. आपण काय केलंय हे त्यांना त्या रस्त्यात उभं असताना पुरतं कळलं. बायको घरी आली तर पुन्हा काही आधी कळायची हाव धरणार नाही, असं ते मोठ्याने म्हणाले. समोरून जाणाऱ्या एका माणसाने वळून पाहिलं.

सव्वासहाला मेहुण्याची जीप आली. मागे दोराने बांधलेली गाडी, आणि गाडीच्या स्टिअरिंगवर बायको. बंद इंजिनाचा आवाज आधी कसा येणार!

ती गाडीचं दार धरून खाली उतरली. "पुलाच्या मधोमध," ती म्हणाली. "ट्रक एवढा जवळ येऊन थांबला की आरशात नुसता त्याचा बंपर दिसत होता."

"माझी चूक आहे," मशीनवाले म्हणाले. "बेल्ट चुकलाय हे मला माहीत होतं. मीच चुकवला होता."

"का?"

"तू येतेयस हे मला आधी कळायचं," ते म्हणाले.

रागवायचं की रडायचं हे बायकोचं ठरत नव्हतं. शेवटी म्हणाली, "एवढंच हवं होतं, तर निघताना फोन केला असता मी. वेडे कुठले." आणि मग खरंच रडली.

मेहुण्याने शनिवारी-रविवारी इंजिन उघडलं. चार वॉल्व्ह वाकले होते. इंजिनाचा वरचा भाग त्याने दुरुस्तीला नेला, त्यातला वरचा शाफ्ट, म्हणजे कॅमशाफ्ट, तेवढा दाजींच्या टेबलावर वर्तमानपत्रावर ठेवला. "पुसून ठेवा. आणि फिरवू नका," म्हणाला. कामापुरतंच बोलत होता. गाडी पोर्चमध्ये तोंड उघडून उभी राहिली. बायको बसने जायला लागली.

मंगळवारी दुपारी, तीनच्या सुमाराला, मशीनवाले कॅमशाफ्टवरचं तेल फडक्याने टिपत होते. बाहेर ऊन होतं. रस्त्यावर कुणी नव्हतं.

गेटपाशी गाडी येऊन थांबली.

आवाज ओळखीचा होता, पण इतका गुळगुळीत तो कधीच नव्हता. वरचा शाफ्ट, खालचा शाफ्ट, दोघांचं केसभरही बिनसलेलं नाही. असं टायमिंग मशीनवाल्यांनी उभ्या जन्मात ऐकलं नव्हतं. त्यांनी खिडकीबाहेर पाहिलं. गाडी पोर्चमध्येच होती. बॉनेट वर. इंजिनाच्या जागी चार गोल भोकं आणि त्यांवर टाकलेलं फडकं.

हॉर्न वाजला नाही.

ते चपलांची वाट बघत राहिले. चपला ऐकू आल्या नाहीत.

गाडीचं दार उघडलं. बायकांच्या सँडलची पावलं गेटपर्यंत गेली. कडी निघाली. पावलं परत गाडीकडे गेली. गाडी आत आली, खडी वाजली. हँडब्रेक, एकदा आणि पुन्हा एकदा. दार.

पावलं गेटकडे गेली, कडी लागली, पावलं पोर्चमध्ये आली. अगदी सावकाश.

मशीनवाल्यांच्या हातातलं फडकं तसंच राहिलं. ते बेलची वाट बघत होते.

बेल वाजली नाही. किल्ली वाजली. कुलपात शिरली आणि फिरली, कुठेही न अडता, वर्षानुवर्षं वापरलेली किल्ली फिरते तशी. त्यांच्यापासून चार हातांवर असलेलं दार हललं नाही. पावलं मात्र त्यांच्या टेबलाशेजारून आत गेली. स्वयंपाकघरात ओट्यावर कप ठेवल्याचा आवाज झाला. एकच कप.

त्यांनी सवयीने घड्याळ बघितलं. तीन वाजून सात मिनिटं. तीन अठराला काही झालं नाही. साडेतीनलाही नाही. गाडीचं इंजिन तीन ठिकाणी वाटलेलं होतं. म्हणजे यावेळी अकरा मिनिटांचा हिशेब नव्हता. मग किती पुढचं होतं हे? त्यांना भीती वाटत होती, पण भीतीच्या वर तो प्रश्न होता.

पावणेसहाला बेल वाजली. त्यांनी धावत जाऊन दार उघडलं. बायको बसमधून आल्यामुळे घामाघूम झाली होती.

"अहो, हे बघा," तिने पर्समधून काहीतरी काढलं. "स्टॉपजवळ किल्लीवाला बसतो ना, त्याच्याकडून करून घेतली. आता इंजिन होईपर्यंत तुम्ही गॅरेजमध्ये जाणार-येणार. मी काय दारात उभी राहू? सकाळी तुमचीच नेली होती मापाला."

नवी कोरी, पिवळी किल्ली. मशीनवाल्यांनी ती घेऊन तिथल्या तिथे कुलपात घातली. दुसऱ्या दाताशी ती अडली. दोनदा हलवावी लागली, तेव्हा करकरत फिरली.

त्यांचा जीव भांड्यात पडला. नव्या धातूचे काठ झिजायला किती फिरवावं लागतं, हे त्यांच्याइतकं कुणाला ठाऊक असणार? हजारो वेळा. रोज एकदा धरलं तरी वर्षं. आणि रोज एकदा तरी का धरायचं? किल्ली वापरलीच नाही तर ती झिजेल कशी?

"हिची गरज नाही," ते म्हणाले. "मी आहे घरी." त्यांनी किल्ली दारामागच्या खिळ्याला अडकवली. बायकोने खांदे उडवले.

महिन्याभराने इंजिन जोडून झालं. यावेळी मेहुण्याने पाना दाजींच्या हातात दिला आणि शेजारी उभा राहिला. त्यांनी दोन वेढे फिरवले, पुढेच. दोन्ही खुणा दोन्ही रेघांवर येऊन थांबल्या. "शाब्बास," मेहुणा म्हणाला, आणि पहिल्यांदा पूर्वीसारखा हसला. तेव्हापासून हॉर्न गाडीबरोबरच वाजतो. बायको निघताना फोन करते, मशीनवाले चहा टाकतात. त्यांनी घराबाहेर जाणं बंद केलं, मशीनचे सुटे भागही घरी मागवायला लागले. बायको बेलपर्यंत पोचायच्या आत दार सताड उघडून उभे राहतात. "अहो, बेल तरी वाजवू द्या," ती म्हणते.

काल दुपारी त्यांनी सहज तिला फोनवर विचारलं, "ती खिळ्यावरची किल्ली तू कधी वापरलीस का?"

"वापरू देता का तुम्ही?" ती हसली. "हातसुद्धा लावला नाही मी तिला."

फोन ठेवून मशीनवाले दाराशी गेले. खिळ्यावरून किल्ली काढली. पिवळेपणा जरा कमी वाटला, पण ते उन्हाने असेल. त्यांनी ती कुलपात घातली, दुसऱ्या दाताशी ती अडेल म्हणून मनगट सैल धरलं आणि फिरवली.

किल्ली कुठेही अडली नाही.